मुलाखत वाचायला द्यावी की ऐकायला? वार्तापत्राच्या संपादकांसाठी

मेलने जाणाऱ्या वार्तापत्रासाठी एखाद्याची मुलाखत ठरली की प्रश्नांची यादी करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी: ही मुलाखत वाचकांना वाचायला द्यायची आहे की ऐकायला. पुष्कळ संपादक हा निर्णय शेवटावर ढकलतात. आधी तासभर बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवतात, पुढचे पुढे बघू म्हणतात, आणि अंक काढायची वेळ आली की एक तर उतरवलेला मजकूर वरवर साफ करून छापतात, नाहीतर ध्वनिफीत जशीच्या तशी चढवून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात वाचताना पसरट वाटणारी मुलाखत हाती येते आणि दुसऱ्या प्रकारात ऐकताना रेंगाळणारी. डोळ्यांसाठी विचारायचे प्रश्न आणि कानांसाठी विचारायचे प्रश्न मुळातच वेगळे असतात, आणि एकदा विचारून झालेला प्रश्न संपादनाच्या टेबलावर बदलता येत नाही.

या लेखातील भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. वार्तापत्राचा वाचक वाचण्यासाठी आलेला असतो, म्हणून लिखित मुलाखत हाच मूळ पर्याय धरावा आणि ऑडिओ करायचा असेल तेव्हा स्वतःकडे कारण मागावे. ‘हल्ली सगळेच करतात’ हे कारण नव्हे. ‘लिहून काढायला वेळ नाही’ हे तर त्याहून वाईट कारण आहे, कारण त्यात संपादकाचे काम वाचकाच्या गळ्यात घातले जाते. मात्र खरे कारण असेल, तर आवाज जे देतो ते कितीही चांगल्या शब्दांकनातून देता येत नाही, हेही तितकेच खरे. प्रश्न फक्त ते कारण ओळखण्याचा आहे.

तांत्रिक बाजूही लिखिताकडेच झुकते. जीमेलमध्ये २५ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल पत्राला जोडता येत नाही, आणि तासाभराची एमपी३ ध्वनिफीत सेकंदाला ६४ किलोबिट या साध्या दर्जाची ठेवली तरी २८.८ मेगाबाइटची होते. शिवाय जीमेलमध्ये पत्राच्या आतल्या आत ध्वनिफीत वाजत नाही. दुवा द्यावा लागतो आणि वाचकाला पत्रातून बाहेर जावे लागते. अर्थात मजकुरालाही मर्यादा आहे, आणि ती मराठीत काढलेल्या वार्तापत्राला लवकर गाठते. पत्राचा आकार १०२ किलोबाइटच्या पुढे गेला की जीमेल उरलेला भाग दडवते आणि पूर्ण मजकुरासाठी वेगळा दुवा दाखवते. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी यांनाही, प्रत्येकी ३ बाइट लागतात. एका शब्दाला सरासरी २० बाइट धरले, तर ४००० शब्दांचे ८० किलोबाइट होतात आणि वरून पत्राच्या मांडणीचा भार असतोच. म्हणून तीन-साडेतीन हजार शब्दांपलीकडे जाणारी मुलाखत दोन पत्रांत विभागावी, किंवा अर्थातच कापावी. बहुतेक वेळा कापणेच योग्य ठरते.

वाचकाचा वेळ

वाचणे ऐकण्यापेक्षा जलद होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण किती जलद, याचा अंदाज सहसा चुकतो. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून काढलेला आकडा असा आहे की, इंग्रजीतील ललितेतर मजकूर प्रौढ वाचक मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्द या वेगाने वाचतात. इंग्रजीतील सहज बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण १५० शब्द धरला जातो. म्हणजे ५० मिनिटांच्या संभाषणात सुमारे ७५०० शब्द असतात आणि ते सगळे वाचायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. बचत झाली ती अठरा-एकोणीस मिनिटांची. फार मोठी नव्हे, आणि जे श्रोते दीडपट वेगाने ऐकतात त्यांच्यासाठी तर जवळजवळ नाहीच. खरा फरक संपादनाने पडतो. त्याच ७५०० शब्दांतून २००० शब्दांची घट्ट मुलाखत काढली की तिला आठ-नऊ मिनिटे पुरतात. तेव्हा लिखित मुलाखतीचा फायदा वाचकाला मिळतो तो कोणीतरी त्याच्यासाठी काटछाट केली असेल तरच; शब्दशः उतरवलेला मजकूर छापणाऱ्याला वाचनाचा वेग वाचकाच्या भल्याचा म्हणून सांगण्याचा अधिकार नाही.

मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्यामुळे तेवढ्याच आशयाला शब्द कमी लागतात, आणि इंग्रजीचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. यावर उपाय सोपा आहे: आपल्याच जुन्या अंकातील एक मुलाखत घड्याळ लावून दोघा-तिघांना मनात वाचायला द्यावी, तीच एकाला बोलण्याच्या गतीने मोठ्याने वाचायला सांगावी, आणि आपल्या वार्तापत्रापुरते गुणोत्तर काढून ठेवावे.

वेगापेक्षा महत्त्वाची गोष्ट मागे वळण्याची आहे. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती झेपा घेत जाते, आणि त्यांपैकी १० ते १५ टक्के झेपा मागच्या शब्दांकडे असतात. वाचकाला याचा पत्ताही नसतो; न कळलेले वाक्य तो नकळत पुन्हा वाचून पुढे जातो. ऐकणाऱ्यालाही पंधरा सेकंद मागे जाण्याचे बटण दिलेले असते, पण तो चालत असतो, भांडी घासत असतो किंवा गाडी चालवत असतो, आणि मुळात आपले लक्ष कुठे सुटले हेच त्याच्या ध्यानात आलेले नसते. वाचन, मोठ्याने वाचन आणि श्रवण यांची तुलना करणाऱ्या २०१३ च्या एका प्रयोगात मन सर्वाधिक भरकटले ते ऐकताना. २०१० च्या दुसऱ्या एका अभ्यासात पॉडकास्ट ऐकून परीक्षा देणारे विद्यार्थी तोच मजकूर वाचून आलेल्यांच्या मागे पडले. मात्र २०१६ मध्ये प्रौढांवर केलेल्या तुलनेत, कथनात्मक ललितेतर पुस्तकाचे भाग वाचणारे आणि ऐकणारे यांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी संपादकाला त्यांतून एक कामाची गोष्ट मिळते. घडलेली हकिगत कानाने जवळजवळ तितकीच समजते. दाट मांडणी, ज्यात एक विधान दुसऱ्याच्या खांद्यावर उभे असते, ती डोळ्यांपुढे असलेली बरी.

आवाजात काय असते

इथे थोडे थांबून एक नमुना पाहू. समजा, एका छोट्या छापखान्याचे मालक तो का बंद केला ते सांगत आहेत. ध्वनिमुद्रणात त्यांचे बोलणे असे आहे:

‘आम्ही ना, तेव्हा ठरवलं की बंद करायचं… म्हणजे, ठरवलं असं नाही. ठरवावं लागलं. मोठ्या भावाला तर मी… त्याला मी दोन दिवसांनी सांगितलं.’

घाईत असलेला संपादक याचे असे करतो: ‘परिस्थितीमुळे आम्हाला छापखाना बंद करावा लागला. मोठ्या भावाला मी दोन दिवसांनी कळवले.’ माहिती तीच राहिली, पण बोलणारा माणूस नाहीसा झाला. ‘परिस्थितीमुळे’ हा शब्द त्यांनी उच्चारलेलाच नाही. ‘ठरवलं’पासून ‘ठरवावं लागलं’पर्यंत त्यांनी स्वतःला दुरुस्त केले, तीच या उत्तरातली खरी गोष्ट होती आणि तीच गळाली. चांगले शब्दांकन असे होईल: ‘आम्ही तेव्हा बंद करायचं ठरवलं. म्हणजे, ठरवलं असं नाही, ठरवावं लागलं. मोठ्या भावाला मी दोन दिवसांनी सांगितलं.’ अडखळणे गेले, दुरुस्ती राहिली. उत्तरांमध्ये ‘ठरवलं’, ‘सांगितलं’ ही बोलण्यातील रूपे ठेवावीत आणि प्रश्न हवे तर प्रमाण लेखनात द्यावेत. सगळीच मुलाखत ‘ठरवले’, ‘सांगितले’ अशी इस्त्री करून दिली की दोन्ही माणसे एकाच तोंडाने बोलू लागतात.

तरीही ‘मोठ्या भावाला तर मी…’ नंतरची जी शांतता आहे, ती या उत्तम शब्दांकनातही येत नाही. कंसात ‘थोडा वेळ थांबून’ असे लिहिता येते, पण अख्ख्या मुलाखतीत ते एकदा शोभते. तिसऱ्यांदा लिहिले की नाटकाच्या रंगसूचना वाचल्यासारखे वाटू लागते. त्यामुळे माझी कसोटी अशी आहे: मुलाखतीआधीच्या ओळखीच्या बोलण्यातच, पाहुणा जे म्हणतो त्याहून तो ते कसे म्हणतो यात अधिक अर्थ आहे असे वारंवार जाणवत असेल, तर ऑडिओचे कारण सापडले. त्या बोलण्यातली लक्षात राहिलेली वाक्ये कागदावर लिहून वाचावीत. ऐकताना जे लागले होते ते वाचताना कुठे गेले, असे वाटले तर आवाज निवडावा. वाचताना उलट अधिक स्पष्ट झाले, तर छापावे.

काही विषयांत ही कसोटी लावण्याचीही गरज नसते. गायक, वादक, कथाकथन करणारे, पक्ष्यांचे आवाज अभ्यासणारे, यंत्र नीट चालते आहे की नाही हे नुसत्या आवाजावरून सांगणारे कारागीर, यांच्या मुलाखती छापून त्यात ‘मग त्यांनी गाऊन दाखवले’ असे लिहिणे निव्वळ वाया आहे. एखाद्या बोलीचा लहेजा हाच जिथे विषय आहे तिथेही तसेच. वर्षानुवर्षांच्या ओळखीची दोन माणसे एकमेकांना मध्येच तोडत, हसत, एकमेकांची वाक्ये पुरी करत बोलत असतील, तर ती लयही ऐकूनच कळते. उलट विशेषनामे, तारखा, रकमा, कलमे, औषधांची मात्रा, एकापाठोपाठ करायच्या कृती आणि पाहुण्याने सुचवलेली पुस्तके किंवा साधने, हे सर्व कागदाचे आहे. ऐकणाऱ्याला आडनाव नीट ऐकू आले नाही की तो शोधही घेऊ शकत नाही. वादग्रस्त विषयावरची मुलाखतही शक्यतो लिखितच असावी, कारण तिथे नेमका शब्द काय होता याला किंमत असते आणि वाचक तो पुन्हा पुन्हा पाहणार असतो.

तीन किंवा अधिक पाहुणे असतील तर ऑडिओचा विचार बहुधा सोडून द्यावा. अनोळखी आवाज पहिल्या काही मिनिटांत वेगळे ओळखता येत नाहीत, आणि ‘आता अमुक काय म्हणतात ते ऐकू’ असे सतत सांगत राहिले की संभाषणाची सभा होते.

पाहुणा कोण आहे

विषयाइतकाच निर्णय माणसावर अवलंबून असतो. आधी दहा मिनिटे फोनवर बोलून घ्यावे. ते बोलणे ध्वनिमुद्रित करू नये, फक्त कान देऊन ऐकावे. काही जण बोलताना एकेक वाक्य तोलून मांडतात, प्रत्येक वाक्याला अपवाद जोडतात, मध्येच संदर्भ तपासायला जातात. हे लोक लिहून उत्तरे देतात तेव्हा फुलतात आणि माइकसमोर आक्रसतात. काहींचे बोलणे ऐकताना रंगतदार वाटते, पण उतरवून पाहिले तर हाती फारसे लागत नाही. त्यांचा ऑडिओही थोडक्यातच ठेवावा, कारण श्रोत्यालाही ते पाचव्या मिनिटाला कळते. पाहुणा परक्या भाषेत बोलणार असेल, तर लिखित मुलाखतीत त्याला शब्द शोधायला सवड मिळते. बोलताना अडखळणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र आपणच परस्पर ‘लिखित बरे’ असे ठरवू नये, तिला विचारावे. आपला आवाज जसा आहे तसा ऐकवायची इच्छा असणारे कितीतरी असतात.

नाव गुप्त ठेवायचे असेल तर ऑडिओ नकोच. स्वराची पट्टी बदलली तरी बोलण्याची लकब, ठरावीक शब्द, हसण्याची पद्धत यांवरून ओळखीचे लोक माणूस ओळखतात. लिखितातही ओळख पटवणारे तपशील असतात, पण ते एकेक तपासून काढता येतात आणि छापण्यापूर्वी पाहुण्याला दाखवता येतात.

मेलवरची मुलाखत

प्रश्न मेलने पाठवायचे आणि उत्तरे मेलने घ्यायची, हा पर्याय सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच त्याचा सर्वांत जास्त गैरवापर होतो. बारा प्रश्न एकदम पाठवले की बारा निबंध येतात, तेही एकमेकांशी संबंध नसलेले. ‘तुम्ही या क्षेत्रात कसे आलात?’ या प्रश्नाला परिचयपत्राखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी ‘पहिल्या वर्षी घेतलेला कोणता निर्णय आज तुम्ही उलट घ्याल, आणि तेव्हा तो बरोबर का वाटला होता?’ असे विचारले, तर पाहुण्याला बसून आठवावे लागते, आणि आठवायला सवड देणे हेच मेलचे बलस्थान आहे. प्रश्न तीन-तीनच्या तुकड्यांत पाठवावेत. पहिल्या तुकडीची उत्तरे आली की त्यातल्या एखाद्या वाक्याला धरून पुढचा प्रश्न करावा; तसे केले नाही तर ती मुलाखत राहत नाही, प्रश्नावली होते. उत्तरे फार गुळगुळीत आली, प्रसिद्धिपत्रकासारखी वाटली, तर शेवटी पंधरा मिनिटांचा एक फोन करावा आणि सर्वांत गुळगुळीत उत्तरावरच पुन्हा विचारावे.

लिहून सुधारलेले उत्तर खोटे असते, असा एक समज आहे. तो मला पटत नाही. ‘पॅरिस रिव्ह्यू’ हे साहित्यिक नियतकालिक १९५३ पासून लेखकांच्या दीर्घ मुलाखती छापत आले आहे आणि तिथे मुलाखत देणाऱ्याला मजकूर पाहून दुरुस्त करू देण्याची प्रथा आहे. त्या मुलाखतींचे वजन त्यामुळे कमी झाले असे कोणी म्हणत नाही. उलट बाजूने पाहिले, तर ऐकू येणारे प्रत्येक संभाषण उत्स्फूर्त असते असेही नाही: बीबीसीवर १९४२ मध्ये सुरू झालेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमात सुरुवातीच्या काळात पाहुणा आणि निवेदक आधी लिहून ठेवलेली संहिता वाचत असत. आवाज म्हणजे खरेपणा आणि लिखित म्हणजे बनाव, अशी वाटणी करून निर्णय घेऊ नये.

ध्वनिमुद्रण करायचेच ठरले तर

संमती सुरुवातीलाच आणि दोन्ही रूपांसाठी घ्यावी. ‘हे बोलणे ध्वनिमुद्रित होत आहे, त्याचा लिखित मजकूर छापला जाईल आणि काही भाग ऐकवलाही जाईल, चालेल ना?’ हा प्रश्न मुद्रण सुरू झाल्यावर विचारावा, म्हणजे होकारही त्यातच राहतो. छापण्यापुरती घेतलेली परवानगी ऐकवण्याला लागू होत नाही, कारण माणूस कागदासाठी बोलतो तेव्हा अडखळण्याची फिकीर करत नाही.

पाहुणा दूर असेल, तर दोघांनी आपापल्या जागी आपापला आवाज वेगळा मुद्रित करावा. इंटरनेटवरून आलेला पाहुण्याचा आवाज मध्येच तुटतो. त्याच्याच फोनवर मुद्रित झालेला तुटत नाही. दोन स्वतंत्र मुद्रणे असली की एकाच्या बोलण्यावर आलेला दुसऱ्याचा खोकला काढून टाकता येतो. दोघांनी हेडफोन लावावेत, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. असंपीडित मुद्रणाला, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका वाहिनीच्या डब्ल्यूएव्ही फाइलला, तासाला साधारण ३१८ मेगाबाइट जागा लागते. पाहुण्याच्या फोनमध्ये तेवढी जागा आहे का हे आधी विचारून घ्यावे. बोलणे सुरू होण्यापूर्वी पंधरा-वीस सेकंद दोघांनी गप्प राहून खोलीची शांतता मुद्रित करावी. काटछाट केल्यावर दोन वाक्यांमध्ये ती शांतता घालावी लागते, कारण संपूर्ण निःशब्द जागा कानाला खड्ड्यासारखी लागते. आणि मुलाखतकाराने ‘हं’, ‘बरोबर’, ‘अगदी’ म्हणण्याची सवय सोडून नुसती मान हलवावी. छापताना हे शब्द सहज गळतात, ऐकवताना ते प्रत्येक वाक्याला डास चावल्यासारखे वाटतात.

श्रमांचा हिशोब प्रामाणिकपणे करावा. एक तासाचे बोलणे हाताने उतरवायला सरावलेल्या माणसालाही साधारण चार तास लागतात. आता संगणक ते काही मिनिटांत करतो, पण नावे, आकडे आणि नकारार्थी वाक्ये ध्वनिफीत लावून तपासल्याखेरीज छापू नयेत. एक ‘नाही’ गळला की विधान उलटे होते. ऑडिओत उतरवण्याचे श्रम वाचतात असे वाटते, पण ते दिसते तेवढे खरे नाही, कारण नीट कापण्यासाठी मजकूर समोर लागतोच, आणि पुढे सांगितल्याप्रमाणे तो वाचकालाही द्यावा लागतो. लिखितात क्रम हवा तसा फिरवता येतो. आवाजात मात्र विसाव्या मिनिटाचे वाक्य तिसऱ्या मिनिटात आणले तर स्वराची पातळी, दम, खोलीतला पंखा, सगळे बदललेले ऐकू येते.

दोन्ही रूपे देताना

एकच मुलाखत पूर्ण लिखित आणि पूर्ण ऑडिओ अशी दोन्ही रूपांत देणे हा सुरक्षित मार्ग वाटतो. प्रत्यक्षात त्यात दोन्ही रूपे अर्धवट होतात, कारण श्रम विभागले जातात. त्यापेक्षा एक रूप मुख्य ठेवावे आणि दुसरे त्याच्या सोबतीला असावे. वार्तापत्रासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटणारी रचना अशी: दीड-दोन हजार शब्दांची संपादित लिखित मुलाखत, आणि तिच्यात योग्य जागी दोन ते चार मिनिटांची एकच ध्वनिफीत. वरच्या नमुन्यातील छापखाना बंद झाल्याचा भाग असा ऐकवावा. ‘स्टोरीकॉर्प्स’ हा अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झालेला मौखिक इतिहासाचा प्रकल्प याच तऱ्हेने चालतो: जवळची दोन माणसे साधारण ४० मिनिटे बोलतात, त्यांच्या संमतीने ते सगळे मुद्रण जतन होते, आणि रेडिओवर ऐकवला जातो तो त्यातला काही मिनिटांचा वेचा. ध्वनिफितीच्या दुव्याशेजारी तिची लांबी जरूर लिहावी आणि त्यात काय ऐकू येईल ते एका वाक्यात सांगावे. ‘ऐका’ एवढाच शब्द पाहून वाचक दुवा उघडत नाही. ‘भावाला कसे सांगितले ते त्यांच्याच तोंडून, ३ मिनिटे’ हे वाचून उघडतो.

ऑडिओ मुख्य असेल तेव्हा त्याचा लिखित मजकूर देणे ही मेहेरबानी समजू नये. वेबवरील सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या २००८ सालच्या आवृत्तीपासून, आधी मुद्रित केलेल्या केवळ-ध्वनी आशयाला लिखित पर्याय असावा ही अगदी पायाभूत पातळीची अपेक्षा आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तो मजकूर म्हणजेच मुलाखत असते. लिखित मजकूर दृष्टिहीन वाचकांना पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या पडदावाचकाच्या मदतीने ऐकता येतो, त्यामुळे या बाबतीतही लिखिताची सोय अधिक व्यापक आहे. फक्त शब्दशः उतरवलेला मजकूर आणि संपादित शब्दांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकापासून लपवू नये. शब्दांकनाच्या वर ‘मुलाखत संक्षिप्त केली असून काही प्रश्नांचा क्रम बदलला आहे’ अशी एक ओळ पुरते. ऑडिओ पूर्ण दिला आणि शब्दांकन कापलेले असले, तर कोणीतरी दोन्ही ताडून पाहणारच, असे धरून चालावे.

किती बदलावे याची एक रेषा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मॅसन विरुद्ध ‘न्यू यॉर्कर’ (अमेरिकी नियतकालिक) या बदनामीच्या खटल्यात आखली. अवतरणचिन्हांतील शब्द बदलले एवढ्यावरून ते हेतुपुरस्सर केलेले खोटे विधान ठरत नाही; बदलामुळे विधानाच्या अर्थात महत्त्वाचा फरक पडला तरच ते तसे ठरू शकते, असा त्या निकालाचा आशय आहे. तो निकाल त्या देशाच्या कायद्यापुरता असला तरी संपादकीय शिस्त म्हणून कुठेही उपयोगी पडतो: व्याकरण सावरावे, पुनरुक्ती काढावी, पण पाहुण्याने जिथे हात राखून सांगितले तिथे ठामपणा घालू नये आणि जिथे ठाम होता तिथे पाणी घालू नये.

ऑडिओ नियमित देणार असाल तर नुसत्या दुव्यावर थांबू नये. आरएसएस फीडही, म्हणजे ॲपला नवे भाग कळवणारी यादीही, द्यावी; त्यामुळे श्रोत्याला आपल्या नेहमीच्या ॲपमध्ये मुलाखत आपोआप मिळते. पत्र वाचतानाच ऐकणारे थोडे असतात. बहुतेक जण नंतर, हात गुंतलेले आणि कान मोकळे असताना ऐकतात, आणि तोवर ते पत्र खाली गेलेले असते.

परिणाम कसा पाहावा

आकडे पाहावेत, पण त्यांच्यातल्या अंगभूत उणिवा लक्षात ठेवून. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये खासगीपणाचे संरक्षण सुरू केलेले असेल, तर पत्रातील चित्रे वाचकाने पत्र उघडण्याआधीच उतरवून घेतली जातात, आणि पत्र उघडल्याची नोंद चित्र उतरण्यावरूनच होत असल्यामुळे ‘किती जणांनी उघडले’ हा आकडा फुगतो. ऑडिओच्या बाजूला, जाहिरात क्षेत्रातील आयएबी या संस्थेच्या नियमानुसार किमान एका मिनिटाचा आशय उतरला की एक डाउनलोड मोजला जातो. तो ऐकला गेला की नाही हे त्यातून कळत नाही. तेव्हा पत्र उघडणाऱ्यांची संख्या आणि डाउनलोडची संख्या शेजारी ठेवून ‘लिखित जिंकले’ किंवा ‘ऑडिओ जिंकला’ असे म्हणण्यात अर्थ नाही. ध्वनिफीत किती मिनिटांपर्यंत ऐकली गेली हे काही ॲप दाखवतात. बहुसंख्य श्रोते कुठे सोडून गेले ती जागा शोधून तिथे काय बोलणे चालले होते ते ऐकावे. त्यातून पुढच्या मुलाखतीसाठी बरेच शिकता येते.

वाचकांना विचारायचे असेल तर ‘तुम्हाला ऑडिओ आवडेल का?’ असे विचारू नये. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कोणी नको म्हणत नाही. ‘गेल्या आठवड्यात कोणती ध्वनिफीत शेवटपर्यंत ऐकलीत, आणि तेव्हा काय करत होता?’ असे विचारावे. उत्तरांत चालणे, प्रवास, घरकाम वारंवार आले तर तुमच्या वाचकांमध्ये श्रोते आहेत. ‘आठवत नाही’ असे बहुतेकांनी लिहिले, तर तेही उत्तरच आहे.

प्रयोग करायचा तर एकाच प्रकारच्या पाहुण्यांच्या काही मुलाखती आलटून पालटून दोन्ही रूपांत द्याव्यात आणि आलेली पत्रोत्तरे वाचावीत. ज्या रूपाच्या मुलाखतीनंतर वाचक पाहुण्याचे एखादे नेमके वाक्य किंवा मुद्दा उचलून लिहितात, ते रूप पोहोचते आहे. नुसतेच ‘छान झाली मुलाखत’ येत राहिले, तर पुढच्या वेळी प्रश्न आणि लांबी बदलून पाहावी, आणि तरीही तेच राहिले तर रूप बदलावे. ऑडिओ बंद करायचा ठरला, तर फीडमध्ये तसे एका वाक्यात सांगून जुन्या ध्वनिफिती जागेवरच ठेवाव्यात, कारण छापील मुलाखतींमध्ये दिलेले दुवे त्यांच्याकडेच जात असतात.